वाद्याला बढती, वाजवणाऱ्याला नाही

"संगीताला जात नसते." हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की ते कोण म्हणतंय हे आता मान वर न करताही ओळखू येतं.

परवा ते पुन्हा ऐकलं. मुंबईत एका सभागृहात युरोपातून आलेल्या दोन कलावंतांचा कार्यक्रम होता. एक व्हायोलिन, एक अ‍ॅकॉर्डियन, बस्स. चेंबर कॉन्सर्ट म्हणतात ती: छोटं दालन, माइक नाही, दोन-चार वादक आणि कान देऊन बसलेले श्रोते. आमच्यातले चौघे गेलो होतो. आधी बाख, मग बार्टोकची रोमानियन लोकनृत्यं, शेवटी मोंतीचं चार्दाश. मध्यंतरात शेजारच्या गृहस्थांनी मोठ्या कौतुकाने विचारलं, "तुम्हा लोकांना हे आवडतं?" आणि आमचं उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणाले, "बरोबरच आहे, संगीताला जात नसते." मग "तुम्हा लोकांना" म्हणजे कोणाला, हे आम्ही विचारलं नाही.

वादन फार सुंदर झालं, हे आधीच सांगून टाकतो. अ‍ॅकॉर्डियनचा भाता दाबतानाचा श्वास आणि व्हायोलिनच्या गजाची ओढ एकमेकांत अशी मिसळत होती की कुठला सूर कोणाचा हे कळेना. आमची तक्रार कलावंतांबद्दल नाहीच.

तक्रार आहे ती दोन माणसांबद्दल. एक ते गृहस्थ. दुसरा आमचाच एक तरुण कार्यकर्ता. बाहेर चहा पिताना तो वैतागून म्हणाला, "वस्तीत पाणी येत नाही आणि आपण हे अभिजनांचे चोचले ऐकायला आलो." दोघांचं म्हणणं उलटसुलट दिसतं, पण दोघेही एकच गोष्ट गृहीत धरतात: ही वाद्यं, हे संगीत मुळातच वरच्यांचं आहे. एकाला त्यात आपल्याला बसायला जागा दिल्याचं समाधान, दुसऱ्याला तिथे बसल्याची लाज. मित्रांनो, दोघेही चूक आहेत.

व्हायोलिनपासून सुरुवात करू. आज हे वाद्य म्हणजे सभ्यतेचं प्रतीक. पण 1556 साली फ्रान्समधल्या लियों शहरात जांब द फेर नावाच्या माणसाने संगीतावर एक पुस्तक छापलं. त्यात तो सरळ सांगतो की व्हायोल हे वाद्य सरदार-व्यापारी आणि सज्जनांनी वेळ घालवायला वाजवायचं. आणि व्हायोलिन? ते नाचाच्या साथीचं, ते वाजवून पोट भरणाऱ्यांचं. म्हणजे व्हायोलिन हे मजुरीचं वाद्य होतं. लग्नात, वरातीत, गुत्त्यात वाजणारं. पुढे राजदरबारांनी ते उचललं, फ्रान्सच्या राजाने चोवीस व्हायोलिनांचा ताफाच पदरी ठेवला, आणि बघता बघता त्याची मुंज झाली. लाकूड तेच, तारा त्याच. फक्त ते कोणाच्या अंगणात वाजतंय, एवढंच बदललं.

अ‍ॅकॉर्डियनची मुंज तर आत्ताआत्ताची. 1829 साली व्हिएन्नात सिरिल डेमियनने त्याचं पेटंट घेतलं. ते स्वस्त झालं, कारखान्यात बनू लागलं, एकटा माणूस त्यावर चाल आणि साथ दोन्ही वाजवू शकत होता. म्हणून ते खाण कामगारांकडे, खलाशांकडे, परदेशात मजुरीला गेलेल्यांकडे पोचलं. म्हणूनच संगीताच्या शाळांनी त्याला दारात उभं केलं नाही. कारण म्हणून तांत्रिक मुद्दा सांगितला जायचा, आणि तो अगदीच खोटा नव्हता. नेहमीच्या अ‍ॅकॉर्डियनमध्ये डाव्या हाताची बरीचशी बटणं तयार स्वरसमूह देतात: एक बटण दाबलं की तीन स्वर एकदम. नाचाला हे सोयीचं, पण बाखच्या दोन-तीन स्वतंत्र ओळी एकाच वेळी वाजवायला कुचकामी. मग डाव्या हातालाही सुटे स्वर देणारी रचना आली, आणि आक्षेपातला तांत्रिक भाग तिथेच संपला. तरी कोपनहेगनच्या रॉयल अकादमीत मोगेन्स एलेगार्ड अ‍ॅकॉर्डियन शिकवू लागले ते 1970 साली. पेटंटनंतर एकशे एक्केचाळीस वर्षांनी! 1978 मध्ये सोफिया गुबैदुलिना यांनी बायानसाठी, म्हणजे रशियन बटणवाल्या अ‍ॅकॉर्डियनसाठी, 'दे प्रोफुंदिस' लिहिलं. ततार बापाच्या या लेकीला पुढच्याच वर्षी सोव्हिएत संगीतकार संघाने जाहीर झोडपलं. नाकारलेल्या वाद्यासाठी नाकारलेल्या बाईने लिहावं, यात आम्हाला नवल वाटत नाही.

तेव्हा ज्या दोन वाद्यांना बघून आमचा मित्र अवघडला, ती दोन्ही खालून वर गेलेली. मग गृहस्थ म्हणतील, बघा, कलेत गुणाला वाव मिळतो. इथेच खरी गोम आहे. वर कोण गेलं? वाद्य गेलं. वाजवणारा कुठे आहे?

त्या संध्याकाळच्या कार्यक्रमपत्रिकेत 'बेला बार्टोक, रोमानियन लोकनृत्यं, 1915' असं छापलं होतं. या सहा नृत्यांतलं पहिलं, काठी घेऊन नाचायचं, बार्टोकने ट्रान्सिल्व्हानियातल्या एका खेड्यात दोन रोमा व्हायोलिनवाल्यांकडून ऐकलं. ज्यांना युरोप 'जिप्सी' म्हणून हिणवत आला, ते रोमा. पत्रिकेत त्यांच्याबद्दल अर्धी ओळही नाही. रोमा हे आपल्या उपखंडातून शेकडो वर्षांपूर्वी गेलेले लोक. त्यांच्या भाषेत आजही पाणी, नाक, कान हे शब्द जवळजवळ आपलेच आहेत. ट्रान्सिल्व्हानियाच्या शेजारच्या वालाचिया आणि मोल्दाव्हिया या प्रांतांत ते शतकानुशतकं गुलाम होते. सरदारांचे, मठांचे, राज्याचे. माणसांची खरेदी-विक्री व्हायची. हे कायद्याने पूर्ण संपलं 1855-56 मध्ये. त्या गुलामांतच 'लाउतारी' होते, पिढीजात वाजवणारे. मालकाच्या लग्नात व्हायोलिन वाजवायचं आणि त्याच मालकाच्या यादीत बैलांशेजारी आपलं नाव असायचं.

बार्टोक वाईट माणूस नव्हता. तो खेड्यापाड्यांत फोनोग्राफ घेऊन हिंडला, फॅसिझमच्या विरोधात 1940 मध्ये देश सोडून गेला. म्हणूनच त्याचं उदाहरण महत्त्वाचं. 1931 मध्ये त्याने 'जिप्सी संगीत की हंगेरियन संगीत?' असा लेख लिहिला. त्याचा सूर असा की खरं अस्सल संगीत शेतकऱ्याचं, आणि शहरात रोमा वाजवतात ते दुसऱ्यांनी रचलेलं, त्यांच्या हातात बिघडलेलं. घ्यायचं त्यांच्याकडूनही, पण अस्सलपणाचा दाखला त्यांना नाही. ओळखीचं वाटतं ना? वालाचियातल्या क्लेजानी गावच्या रोमा वादकांनी, ताराफ द हाइदुक्स यांनी, 2007 मध्ये 'मश्कराडा' या अल्बममध्ये हीच बार्टोकची नृत्यं पुन्हा आपल्या पद्धतीने वाजवली. व्हायोलिन आणि अ‍ॅकॉर्डियन त्यातही आहेत. बार्टोकला एवढं नेमकं उत्तर आम्ही तरी दुसरं ऐकलेलं नाही.

आता आपल्याकडे या. अ‍ॅकॉर्डियनची सख्खी चुलत बहीण म्हणजे आपली पेटी: तोच भाता, तशीच रीड. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडलं, आणि तेव्हाही एकलवादनाला वाव नव्हता. कारण काय? ती परकी आहे आणि तिच्यात मींड येत नाही. परकं तर व्हायोलिनही होतं, पण कर्नाटक संगीताने ते एकोणिसाव्या शतकातच मांडीवर घेतलं. मींड तर संतूरवरही सरळ येत नाही, तरी संतूर शास्त्रीय झालं. आमचं म्हणणं असं नाही की रेडिओने जात बघून पेटी बंद केली. आमचं म्हणणं एवढंच की 'शास्त्रीय' कोण आणि 'हलकं' कोण, हे सुरांवरून ठरत नाही. ते ठरवणारी एक खोली असते आणि त्या खोलीत आपण नसतो. ज्या काळात रेडिओला पेटी नकोशी होती, त्याच काळात भीमराव कर्डकांचे आणि वामनदादांचे सूर त्याच पेटी-ढोलकीवर गावोगाव चळवळ पोचवत होते.

मृदंगाचं कातडं कमावणाऱ्या, ताणणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनी 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिलं. 2020 मध्ये चेन्नईच्या कलाक्षेत्रने त्याच्या प्रकाशनाला दिलेलं सभागृह ऐनवेळी नाकारलं. वाद्य आत, कारागिराचं नाव बाहेर. बार्टोकच्या पत्रिकेत आणि यात फरक सांगा.

आणि आमच्या वैतागलेल्या मित्राला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. त्याचा राग आम्हाला कळतो. गावकीत वाजवणं हे आपल्या माणसांवर लादलेलं काम होतं. वरात त्यांची, हलगी आपली, आणि जेवायला उकिरड्याच्या कडेला. ते वाजवणं नाकारणं हा स्वाभिमानाचा लढा होता. पण नाकारलं ते वेठीचं वाजवणं. सूर नाकारला नव्हता. बाबासाहेब उतारवयात शिक्षकाकडून व्हायोलिन शिकत होते. संविधानाचं काम, ढासळती तब्येत, हजारो पानांचं लेखन, आणि त्यातून वेळ काढून व्हायोलिन. त्याला चोचले म्हणायची आपली हिंमत आहे का? वस्तीत पाणी हवंच. पण "आधी पाणी, मग व्हायोलिन" ही रांग आपल्यालाच का लावायची? वरच्यांच्या पोरांना ती कोणी लावत नाही.

हंगेरीत शाजोकाझा नावाच्या गावात रोमा मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा सुरू झाली. जय भीम नेटवर्क या त्यांच्याच संघटनेने उभी केलेली. म्हणजे ज्यांच्याकडून बार्टोकने ऐकलं, त्यांच्याच भाऊबंदांनी आपल्या बापाचं नाव दारावर लावलंय. आपण मात्र त्यांची धून ऐकताना ती आपली नाही असं म्हणत अवघडून बसायचं?

आमच्या मागण्या साध्या आहेत. कार्यक्रमपत्रिकेत ज्यांच्याकडून धून घेतली त्या लोकांचा उल्लेख करा. आयोजकांना तसं पत्र आम्ही पाठवलंय, उत्तर आलेलं नाही. सरकारी संगीत शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती समाजकल्याणच्या वसतिगृहांच्या फळ्यावर लागू द्या. आणि आपण आपल्या विहारांची दालनं, जी आठवड्यातले पाच दिवस कुलूपबंद असतात, संध्याकाळी वाद्य शिकणाऱ्या मुलामुलींसाठी उघडूया. जुनी व्हायोलिन दुरुस्त करून देणारी माणसं मुंबईत आहेत. शिकवू शकणारे आपल्यातही आहेत. चहावर वैतागलेल्या मित्रालाच आम्ही किल्ली मागून आणायचं काम दिलंय. तो अजून कुरकुरतोय, पण विहाराच्या अध्यक्षांकडे गेला मात्र आहे.