उलटलेली होडी



बँकेच्या कर्ज विभागात माझी बरीच वर्षे गेली. अर्जदाराचे कागद हाती आले की मी प्रथम हेच शोधत असे, हा मनुष्य पूर्वी कुठे बुडाला आहे काय? या सवयीमुळे गतवर्षी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनामध्ये लेकीकडे मुक्कामाला असताना माझी झोप उडाली. नातीने महाविद्यालयात चक्क कयाकिंगचा, म्हणजे खळाळत्या नदीत एकट्याने चिंचोळी होडी हाकण्याचा विषय घेतला होता. त्याचे एक क्रेडिटही मिळणार होते. ‘जोखीम सर्वस्वी विद्यार्थ्याची’ अशा आशयाच्या कागदावर तिने सही केली होती. तो मी दोनदा वाचला आणि विरोध नोंदवला. आमच्या सौ.नी त्याला अनुमोदन दिले.

लेक एवढेच म्हणाली, “बाबा, अकरावीत मला पोहायला शिकायचे होते. तुम्ही नको म्हणालात.”

मी वर्तमानपत्र उघडले.

पहिले काही आठवडे शिक्षण तरणतलावातच चालले. होडीत बसायचे, कमरेभोवतीचा रबरी पडदा होडीच्या काठावर ताणून बसवायचा आणि मुद्दाम उलटे व्हायचे. डोके पाण्याखाली असताना होडीच्या बुडावर तीन थापा मारायच्या, मग पडद्याची पुढची पट्टी ओढून बाहेर यायचे. थापा अशासाठी की घाबरलेल्या माणसाला क्षणभर थांबण्याची सवय लागावी. पहिल्या दिवशी नातीने एकही थाप मारली नाही. घरी येऊन ती रडली. दुसऱ्या आठवड्यात दोन मारल्या.

पुढचा धडा ‘रोल’चा, म्हणजे होडीतून बाहेर न पडता पुन्हा सरळ होण्याचा. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक कातडी होड्यांतून समुद्रात शिकारीला जात. त्या गारठ्यात होडीबाहेर पडणे म्हणजे मरण, म्हणून ही युक्ती त्यांनी साधली. (शिकार त्यांची त्यांना लखलाभ, युक्ती मात्र घेण्यासारखी!) यात बळ हातांचे नसते, झटका कमरेचा असतो आणि डोके सर्वांत शेवटी वर आणायचे असते. बुडणारा मनुष्य नेमके डोके आधी उचलतो आणि पुन्हा उलटतो. नातीचे सत्रभर हेच होत राहिले.

ऑक्टोबरात वर्ग नांतहाला नदीवर गेला. सरोवराचे पाणी बोगद्यातून वीजगृहात येते आणि तेथून नदीत सुटते. आपल्या कोलाडच्या कुंडलिकेत भिऱ्याचे पाणी सुटते, तसेच; फक्त हे भर उन्हाळ्यातही बर्फासारखे गार. खळाळांची प्रतवारी एक ते सहा अशी करतात. ही नदी बहुतांशी दुसऱ्या प्रतीची, परंतु शेवटचा धबधबा तिसऱ्या प्रतीचा. तो पाहण्यासाठी काठावर सज्जा आहे, तेथे आम्ही तिघे उभे राहिलो.

मुले खडकांआडच्या संथ पाण्यात एकेक करून थांबत, श्वास घेत आणि मग प्रवाहात शिरत. खडकामागे पाणी उलट वळते, तिथे होडी स्थिर राहते. नात आली, धबधब्याच्या तोंडाशी तिरकी झाली आणि उलटली. सौ.नी माझा दंड घट्ट धरला. मी मोजू लागलो. तीन थापा झाल्या की नाही हे वरून कळेना. मग शिरस्त्राण दिसले. शिकवल्याप्रमाणे ती पाठीवर पडून, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवून वाहत होती. अशा पाण्यात उभे राहू पाहणाऱ्याचा पाय दगडांत अडकतो, मग प्रवाह त्याला खाली दाबतो. शिक्षकाने दोर फेकला, तिने तो छातीशी धरला.

काठावर ती थरथर कापत होती. मी म्हणालो, “झाले ना बेटा, आता घरी चल.”

“आजोबा, तीन मारल्या,” ती म्हणाली आणि होडी खांद्यावर घेऊन पुन्हा वरच्या वाटेने चालू लागली. मी तिला थांबवणार होतो, पण लेकीने माझ्याकडे पाहिले आणि मी थांबलो.

दुसऱ्या खेपेस ती होडी सरळ ठेवून खाली उतरली. सौ.नी टाळ्या वाजवल्या आणि लगेच “आता पुरे” असेही म्हणाल्या. रोल तिला आजही येत नाही. आम्ही परतल्यावर महिन्याभराने लेकीचा फोन आला. तेथील तरणतलावावर प्रौढांसाठी सकाळचा वर्ग असतो, त्यात तिने नाव घातले आहे. शुल्क किती, हे मी या वेळी विचारले नाही.