प्रवास-विवेक : अंदमानात किती दिवस राहावे?



थंडीची चाहूल लागली की आपल्या घरोघरी अंदमानचा विषय निघतो. पूर्वी तो सेल्युलर जेलच्या दर्शनापुरता असे. आता घरातील तरुण मुले-मुली, सुना, जावई ‘स्कूबा डायव्हिंग करायचेच’ असा आग्रह धरतात, आणि वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो तो दिवसांचा. व्यापारी घरांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा दुकानच देते. पाच दिवसांच्या वर पेढी सोडता येणार नाही, असे आधी ठरते. त्यात बसतील अशी विमानाची तिकिटे काढली जातात. आणि मग उरलेल्या तासांत समुद्र बसवण्याची खटपट सुरू होते. हा क्रमच उलटा आहे, आणि डायव्हिंगच्या बाबतीत तो केवळ गैरसोयीचा नसून धोक्याचा आहे.

प्रथम वाट पाहू. चेन्नईहून विमानाने दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर येते. २०२४ मध्ये त्याचे नाव श्रीविजयपुरम असे ठरले. डायव्हिंगचे मुख्य ठिकाण मात्र तेथून पुढे, समुद्रमार्गे जलद बोटीने दीड-दोन तासांवर आहे. ते हॅवलॉक बेट, म्हणजे डिसेंबर २०१८ पासूनचे स्वराज द्वीप. मुंबई-पुण्याहून निघालेल्या कुटुंबाचा पहिला दिवस पोर्ट ब्लेअरला पोहोचण्यात जातो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीने बेट गाठले, तरी त्या दिवशी अंगातली बोट उतरायची असते. म्हणजे पाण्यात उतरण्याचा पहिला खरा दिवस तिसरा. येताना दोन दिवस गेले, हे सर्वांच्या लक्षात येते. जाताना किती जातात, याचा हिशेब फार थोडे लोक करतात.

तो हिशेब शरीराचा आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजन असतो. जमिनीवर तो आपल्याला जाणवतही नाही. पाण्याखाली दहा मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट होतो, आणि त्या दाबाखाली श्वासावाटे गेलेला नायट्रोजन रक्तात व ऊतींत अधिक प्रमाणात विरघळतो. वर आल्यावर तो सावकाश, तासातासाने बाहेर पडतो. सोड्याची बाटली हळू उघडली तर वायू शांतपणे निघून जातो, एकदम उघडली तर फेस उसळतो. तसेच येथे आहे. विमानाच्या कक्षातील हवेचा दाब समुद्रसपाटीइतका ठेवलेला नसतो. तो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील हवेइतका, म्हणजे कळसूबाईच्या शिखरावर असतो त्याहूनही कमी असतो. नायट्रोजन पुरता निघण्यापूर्वीच विमानात बसलेल्या माणसाच्या शरीरात त्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणे, हातपाय बधिर होणे, चक्कर, आणि क्वचित पक्षाघातही; याला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. त्यावर तातडीने प्राणवायू द्यावा लागतो आणि दाबकक्षात उपचार करावे लागतात. असा दाबकक्ष गावोगावच्या दवाखान्यांत नसतो.

म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या सुरक्षा-संस्थेची शिफारस अशी आहे : एकच साधी डुबकी घेतली असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास, आणि एकाहून अधिक डुबक्या किंवा अनेक दिवस डायव्हिंग केले असेल तर किमान १८ तास पाण्याबाहेर राहावे. पुष्कळ प्रशिक्षक सरसकट २४ तास सांगतात. माझे मत त्यांच्याच बाजूने आहे. व्याजाच्या दराप्रमाणे घासाघीस करण्याची ही जागा नव्हे.

आता दिवस मागून मोजावेत. परतीचे विमान शनिवारी सकाळी दहाचे आहे, असे धरू. २४ तासांच्या नियमाने शुक्रवारी सकाळी दहानंतर पाण्याखाली असता कामा नये. कोणी म्हणेल, मग शुक्रवारी पहाटे एक डुबकी घेऊ, दुपारच्या फेरीने पोर्ट ब्लेअरला येऊ, आणि शनिवारी विमानात बसू. कागदावर हे बसते. परंतु वारा वाढला की फेरी रद्द होते, आणि शनिवारचे विमान आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून शेवटची डुबकी गुरुवारी, शुक्रवारी सकाळच्या फेरीने परत, दुपारी सेल्युलर जेल, आणि शनिवारी विमान. एका प्रास्ताविक डुबकीसाठीसुद्धा, म्हणजे प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन घेतल्या जाणाऱ्या पहिल्या अनुभवासाठी, सहा दिवस व पाच रात्री हा तळाचा आकडा आहे. त्यात एकच मोकळा दिवस मिळतो. समुद्र खवळला, पाणी गढूळ झाले किंवा एखाद्याचे नाक चोंदले, तर तो दिवस कामास येतो. सर्दी असताना कानांतील दाब समतोल करता येत नाही. औषध घेऊन जबरदस्तीने उतरणे म्हणजे कानाच्या पडद्याशी खेळ. ज्यांना दमा किंवा हृदयविकार आहे अथवा ज्यांच्या कानाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. बेटावर पोहोचून प्रकृतीची प्रश्नावली हाती आल्यावर घरात जी कुजबुज सुरू होते, ती टळेल.

ज्यांना ‘ओपन वॉटर’ हा पहिला रीतसर अभ्यासक्रम करायचा आहे, त्यांचे गणित वेगळे. त्याला तीन ते चार दिवस लागतात, खुल्या समुद्रात चार डुबक्या असतात, आणि १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. दहा वर्षांपासूनच्या मुलांनाही त्यांच्या वयाच्या मर्यादांसह तो करता येतो. दोन दिवस येण्याचे, चार शिक्षणाचे, एक मोकळा, दोन परतीचे : असे नऊ दिवस होतात. कुटुंबातील आठांपैकी दोघांनाच शिकायचे असेल, तर उरलेल्या सहांना नऊ दिवस किनाऱ्यावर बसवून ठेवणे अन्यायाचे आहे. अशा वेळी थोरांनी सहाव्या दिवशी परतावे आणि शिकणाऱ्यांनी एखाद्या समजूतदार वडीलधाऱ्यासह तीन दिवस मागे राहावे. काही घरांत याला नाक मुरडले जाईल, हे मी जाणतो. परंतु सर्वांनी एकाच विमानाने परतावे म्हणून चार दिवसांचे शिक्षण अडीच दिवसांत उरकणे अधिक वाईट. मोकळ्या दिवसाचे भाडे ज्यांना टोचते त्यांनी ते विम्याच्या हप्त्यासारखे मानावे. आणि विम्याचा विषय निघालाच आहे, तर प्रवासविम्याच्या पॉलिसीत स्कूबा समाविष्ट आहे की वगळले आहे, हेही वाचून घ्यावे.

किती दिवस, हा प्रश्न केव्हा जायचे याच्याशी बांधलेला आहे. पाडवा ते लाभपंचमी हे आपले हक्काचे मोकळे दिवस. पण त्या सुमारास ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो आणि बंगालच्या उपसागरात वादळेही होतात. शिवाय चातुर्मास कार्तिक सुद चौदसीपर्यंत चालू असतो. चातुर्मासातील प्रवासमर्यादा पाळणाऱ्यांचा प्रश्न तेथेच मिटतो. उन्हाळी सुट्टीत मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नैऋत्य मोसमी पाऊस अंदमानात आधी पोहोचतो. एप्रिलपर्यंत समुद्र बरा असतो. मात्र चैत्र ओळीचे नऊ दिवस त्यात येतात, आणि मार्चअखेर पेढीवर काय असते ते सांगावयास नको. राहता राहिले जानेवारी-फेब्रुवारी, म्हणजे पौष-माघ. शाळेची अडचण आहे खरी. तरीही दिवस कमी मिळणार असतील तर ते शांत समुद्राचे असावेत. अशांत समुद्राच्या आठ दिवसांहून शांत समुद्राचे सहा दिवस अधिक कामाचे.

आहाराचा विचार आपण प्रवासात सर्वांत आधी करतो, आणि ते योग्यच आहे. तरीही अंदमानातील एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात नसते. ही बेटे पुष्कळ पूर्वेला आहेत आणि घड्याळ मात्र आपलेच आहे. त्यामुळे डिसेंबरात तेथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. मुंबईच्या सवयीने साडेपाचला चौविहार करू म्हणणाऱ्याचा नियम तेथे मोडेल. दुपारच्या सत्राची डुबकी घेऊन, बोटीने किनाऱ्यावर येऊन, स्नान करून पावणेपाचच्या आत भोजन आटोपणे ही ओढाताण होते. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांनी सकाळचे सत्रच घ्यावे. उजाडतेही लवकर, सूर्योदयानंतर ४८ मिनिटांची नवकारशी पाळूनही सकाळची बोट बहुधा गाठता येते. मात्र सत्र दिवसातून एकच धरले की अभ्यासक्रमाचे दिवस वाढतात. नऊ दिवसांचे दहा होऊ शकतात. आरक्षण करतानाच प्रशिक्षकाला हे स्पष्ट सांगावे. उपवास वा आयंबिलाच्या दिवशी पाण्यात उतरू नये. शरीरातले पाणी कमी होणे हे डायव्हिंगमध्ये जोखमीचे मानले जाते. ज्यांना उकळलेल्या पाण्याचा नियम आहे त्यांनी बोटीवर स्वतःची बाटली न्यावी, आणि ती रिकामी करावी.

शिदोरीलाही मर्यादा आहेच. हिवाळ्यात पक्वान्नाचा काळ ३० दिवसांचा असल्याने सुखडी-खाखऱ्यावर आठ-दहा दिवस निघतात. फाल्गुन चौमासी चौदसीनंतर गेलात तर तो काळ २० दिवसांवर येतो, आणि काजू-खजूर डब्यातून बाद होतात. मत्स्याहारी उपाहारगृहांच्या शेजारी राहताना पाचव्या-सहाव्या दिवसानंतर मन विटते, असे अनेकांकडून ऐकतो. म्हणून सहा दिवसांहून अधिक मुक्काम असेल तर स्वयंपाकाची सोय असलेली जागा पाहावी.

आता मूळ शंका : श्रावकाने हे करावे का? जलक्रीडेला अनर्थदंडात गणणारे आपले पूज्य साधुभगवंत आहेत आणि त्यांचे म्हणणे हलके नाही. ज्यांनी तसा नियम घेतला आहे त्यांनी तो पाळावा. ज्यांचा नियम नाही, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली दिग्व्रताची. आपण पूर्व-पश्चिमेच्या मर्यादा बांधतो आणि ऊर्ध्व-अधो दिशा विसरतो. तत्त्वार्थसूत्रात या व्रताच्या पाच अतिचारांत ऊर्ध्व आणि तिर्यक् यांच्याबरोबर अधोदिशेचे उल्लंघनही मोजले आहे. समुद्राच्या तळाकडे जाणाऱ्याने ही मर्यादा पाहून घ्यावी, आणि चौदा नियम धारण करणाऱ्यांनी त्या दिवसाच्या ‘दिशि’ व ‘वाहन’ यांत डुबकी व बोट यांचा विचार करावा.

दुसरी प्रवाळाची. जीवविचार प्रकरणात विद्रुम, म्हणजे पोवळे, पृथ्वीकायात गणलेले आहे. शंख आणि कवड्या बेइंद्रियांत. आजचे प्राणिशास्त्र प्रवाळाला लक्षावधी सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. वर्गीकरण भिन्न, पण दोन्हीकडे तो सजीवच. नवशिक्याच्या पायातील पाखांचा एक फटका वर्षानुवर्षे वाढलेली प्रवाळाची फांदी मोडू शकतो. पाण्यात न बुडता, न तरंगता एका पातळीवर स्थिर राहणे ही कला आहे, आणि ती घाईत येत नाही. अडीच दिवसांत उरकलेला विद्यार्थी तळाला पाय लावतो, आधारासाठी प्रवाळ धरतो. पुरेसे दिवस मिळालेला दूर राहून पाहतो. ज्याला वेळ नाही त्याने किनाऱ्यालगत पाण्यावर तरंगत स्नॉर्केलिंग करावे, किंवा काचेच्या तळाच्या बोटीतून पाहावे. त्यात कमीपणा नाही. घरातील आजी-आजोबांनाही त्यात सामील होता येते.

बेटावरचा शेवटचा, कोरडा दिवस मुलांना कंटाळवाणा वाटतो. त्या दिवशी राधानगरच्या किनाऱ्यावर सकाळी चालावे. वाळूत पडलेले मृत प्रवाळाचे तुकडे मुले हमखास वेचतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने कठीण प्रवाळाला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले आहे. मेलेला तुकडाही पिशवीत घालून नेणे गुन्हा ठरतो, आणि विमानतळावर सामान तपासले जाते. म्हणून फेरीत बसण्यापूर्वी मुलांचे खिसे एकदा पाहून घ्यावेत.