सोसायचे कोणी?

१० मार्च १९४५ रोजी मध्यरात्र उलटताच टोकियोच्या पूर्व भागावर अमेरिकेच्या सुमारे २८० बी-२९ विमानांनी १,६०० टनांहून अधिक आगलावे बॉम्ब टाकले. पहाटेपर्यंत जवळजवळ ४१ चौरस किलोमीटर शहराची राख झाली. एक लाखाच्या आसपास माणसे मेली, दहा लाख बेघर झाली. सुमिदा नदीच्या आश्रयाला धावलेल्यांनाही नदी वाचवू शकली नाही.

ही वस्ती होती कोणाची? सुतार, कारागीर, छोट्या कारखान्यांतले मजूर यांची. लाकडी, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांची. ती उत्तम जळेल म्हणूनच ती निवडली गेली. १९४३ साली यूटाच्या वाळवंटात अशा घरांच्या हुबेहूब प्रतिकृती उभारून, आत तातामीच्या चटया अंथरून, कोणत्या बॉम्बने ती लवकर पेटतात हे तपासण्यात आले होते. त्या प्रतिकृतींच्या रचनेत वास्तुशिल्पी अंतोनिन रेमंड याचा हात होता. पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमातील 'गोलकोंड' ही शांत, हवेशीर वास्तू त्याचीच! घरोघरी युद्धसामग्रीचे सुटे भाग बनत होते, हे सेनानी कर्टिस लेमे यांचे समर्थन. हा न्याय मान्य केला तर जगातील कोणती कामगार वस्ती लष्करी लक्ष्य ठरणार नाही? नागरी वस्त्यांवर बॉम्ब टाकू नका, असे आवाहन १९३९ साली करणारे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच मार्च १९४५ मध्ये अमेरिकेच्या सत्तेवर होते.

जपानचे राज्यकर्ते निर्दोष होते असे मुळीच नाही. चीनमधील चोंगचिंग शहरावर त्यांच्या विमानांनी वर्षानुवर्षे बॉम्ब टाकले होते. स्वतःच्या प्रजेशीही ते तितक्याच निष्ठुरपणे वागले. १९४१ साली हवाई संरक्षणाचा कायदा दुरुस्त करून लोकांना शहर सोडण्यास मनाई करण्याचा अधिकार सरकारने घेतला, आग विझविणे हे नागरिकांचे कर्तव्य ठरविले आणि कसूर करणाऱ्यास शिक्षा ठेवली. बादलीभर पाणी घेऊन नापामशी झुंजण्याची ही सक्ती होती.

परंतु खरा संताप येतो तो पुढच्या इतिहासाने. १९५२ साली जपानने युद्धात जखमी झालेले सैनिक आणि मृत सैनिकांचे कुटुंबीय यांच्यासाठी साहाय्याचा कायदा केला. बॉम्बहल्ल्यात हातपाय गमावलेल्या सामान्य माणसाला त्यात स्थान नव्हते. नागोयाच्या हल्ल्यातील पीडितांनी दाद मागितली तेव्हा, युद्धातील हानी सर्व नागरिकांनी सारखीच सोसावयाची असते, असा निर्वाळा १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. सारखीच? मग गणवेश घातलेल्यांना निवृत्तिवेतन कशाचे? टोकियोच्या पीडितांनी २००७ साली दावा दाखल केला. २०१३ साली तोही अखेरीस फेटाळला गेला. तोवर वादींपैकी बहुतेकांनी सत्तरी ओलांडली होती. लेमे यांना मात्र इतकी वाट पाहावी लागली नाही. जपानचे नवे हवाई दल उभारण्यास साहाय्य केल्याबद्दल १९६४ सालीच जपान सरकारने त्यांना 'उगवत्या सूर्या'चा सन्मान दिला.

त्या हल्ल्यांत मेलेल्यांसाठी राष्ट्राने स्वतंत्र स्मारक उभारले नाही. टोकियोतील सुमारे एक लाख पाच हजार मृतांच्या अस्थी १९२३ च्या भूकंपातील बळींसाठी बांधलेल्या सभागृहात, त्या बळींच्या शेजारी ठेवलेल्या आहेत. जणू तोही एक भूकंपच होता.