सडपातळ माणसाचे पोट



गेल्या गणेशोत्सवातली एक गोष्ट आज सांगायची आहे. ज्यांची ती आहे त्यांनीच "नाव न घालता जरूर लिहा" असे सांगितले, म्हणून लिहीत आहोत.

आरती झाली, जेवणे झाली आणि नेहमीप्रमाणे खुर्च्या उचलायला मोजकीच मंडळी उरली. त्यात आपले एक सभासद होते. वय ४४, शाकाहारी, सिगारेटला कधी हात न लावलेले, अंगाने सडपातळ. दहा-बारा खुर्च्या रचल्यावर ते भिंतीला टेकून खाली बसले. छातीवर दडपण आल्यासारखे वाटते, डावा खांदा दुखतो, म्हणाले. कपाळावर घाम होता. "डॉक्टरांना विचारा," असे कोणीतरी म्हटले आणि सगळे आमच्याकडे पाहू लागले. आम्ही डॉक्टर आहोत ते रसायनशास्त्राचे. तरीही थाटात निदान केले, "पित्त असेल. मसालेभात जरा तिखटच होता." वर थंड दूध आणून दिले. ते पिऊन गृहस्थ स्वतः गाडी चालवत घरी गेले. पहाटे त्यांच्या पत्नीने ९११ ला फोन केला. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ पूर्ण बंद झालेली होती. स्टेंट बसवला, ते वाचले, आता कामावरही जातात. पण मधले काही तास आमच्यामुळे वाया गेले, हे मनातून जात नाही.

पित्तच का सुचले? कारण हृदयविकार म्हटला की डोळ्यांपुढे साठीचा, लठ्ठ, धूम्रपान करणारा माणूस येतो. आपल्या लोकांच्या बाबतीत हे चित्र फसवे आहे. 'इंटरहार्ट' या ५२ देशांतल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यातली दक्षिण आशियाई लोकांची माहिती २००७ साली वेगळी मांडली गेली. पहिला झटका येण्याचे सरासरी वय आपल्याकडे ५३, तर इतरांत जवळजवळ ५९. म्हणजे मुले अजून शाळा-कॉलेजात आणि घराचे हप्ते चालू असण्याच्या वयात.

त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मात्र धीर देणारी आहे. तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्या कमी खाणे, व्यायाम नसणे अशा नऊ घटकांशीच सुमारे ९० टक्के धोका जोडलेला दिसला. यातले बहुतेक घटक आपल्याला मोजता येतात आणि बदलताही येतात. नशिबाला बोल लावायला फारशी जागा उरत नाही.

आता सडपातळपणाविषयी. धोका मोजण्याची जुनी कोष्टके मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली सुरू झालेल्या पाहणीवरून तयार झाली. तिथले लोक जवळजवळ सगळे गोरे होते. आपली शरीराची ठेवण निराळी. हातपाय बारीक असले तरी चरबी पोटात, यकृताच्या आसपास साठते आणि तीच जास्त त्रासदायक असते. म्हणून आपल्यासाठी मोजमापे कडक आहेत. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बी.एम.आय. इथे २५ पर्यंत ठीक मानतात. आपण २३ लाच सावध व्हायचे. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला हे वजन सुमारे १४२ पौंड होते. (आमचा स्वतःचा आकडा विचारू नये.) पोटाचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या आत, आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावा. पँटचा नंबर यासाठी उपयोगाचा नाही, कारण पँट पोटाखाली नेसता येते. शिलाईची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर धरा, श्वास सोडा आणि मोजा. पोट आत ओढून मोजणाऱ्यांनी स्वतःलाच फसवले असे समजावे.

"आम्ही शाकाहारी आहोत, आम्हाला कसली भीती?" हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. पण सकाळी पोहे, दुपारी भात-बटाटा, संध्याकाळी चिवडा आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी हे सगळे मुख्यतः पिष्टच. ते जास्त झाले की रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड्स वाढतात. उपाय परका नाही. ताटातली कोशिंबीर आणि भाजी वाढवायची. मटकीची उसळ, मुगाचे वरण भरपूर. भात मात्र मूद पाडून, डोंगर रचून नव्हे.

तुपावर वाद होतो. "आजोबा वाटीभर तूप खाऊन नव्वद वर्षे जगले!" आजोबा दिवसभर पायी हिंडत होते आणि त्यांच्या फ्रिजमध्ये आइस्क्रीमही नव्हते. शिवाय त्यांच्या वयाचे जे आधीच गेले त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या हिशोबाने २००० कॅलरींच्या आहारात संपृक्त चरबी दिवसाला सुमारे १३ ग्रॅमच्या आत हवी. एका टेबलस्पून तुपातच आठ ग्रॅमच्या आसपास येते. खोबरेल तेलात तर ८० टक्क्यांहून अधिक चरबी संपृक्त असते. तूप बंद करा असे आम्ही म्हणत नाही. वरणभातावर लहान चमचा पुरे, आणि रोजच्या फोडणीला शेंगदाण्याचे किंवा कनोलाचे तेल बरे.

मिठाचा हिशोब तर आमच्याच विषयातला. मिठात वजनाने सुमारे ३९ टक्के सोडियम. दिवसाची मर्यादा २३०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे एक चहाचा चमचाभर मीठ. त्यात लोणचे, पापड, फरसाण आणि बाहेरची पाकिटे सगळी आली. पाकिटावरचा सोडियमचा आकडा वाचायची सवय मुलांना लावा. ती मोठ्यांना बरोबर पकडतात.

चालणे आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. बर्फाच्या दिवसांत मॉलमध्ये चाला, पाकीट गाडीत ठेवून. तंबाखू कोणत्याही रूपात नको, मशेरीही तंबाखूच.

तिशी ओलांडलेल्यांनी आपल्या डॉक्टरांकडून (खऱ्या!) रक्तदाब, एल.डी.एल. आणि एचबीएवनसी तपासून घ्यावे. एचबीएवनसी ५.७ पासून पुढे म्हणजे मधुमेहाची चाहूल. लायपोप्रोटीन(ए) ही बरीचशी आनुवंशिक असलेली चरबीही आयुष्यात एकदा मोजून घ्यावी. दक्षिण आशियाई असणे हा धोका वाढवणारा घटक आहे, असे इथल्या कोलेस्टेरॉलविषयीच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिले आहे. डॉक्टरांनी आपण होऊन विचारले नाही तर आपण सांगावे.

आणि शेवटी मुख्य गोष्ट. छातीवर दडपण, हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, घाम, धाप, मळमळ, विशेषतः स्त्रियांत अचानक प्रचंड थकवा, यातले काही झाले तर ९११. 'लोक काय म्हणतील' नको, 'सकाळी बघू' नको, स्वतः गाडी चालवणे तर मुळीच नको. ॲस्पिरिन द्यावी का, ते फोनवरच्या माणसाला विचारा. पित्त निघाले तर हसू. तेवढा खर्च आणि तेवढी फजिती परवडते.

कार्यकारिणीने ठरवले आहे की पुढच्या कार्यक्रमात नोंदणीच्या टेबलावर टेप आणि रक्तदाबाचे यंत्र असेल. जेवणात श्रीखंड राहील, पण पुऱ्यांच्या जागी पोळ्या आणि दोन कोशिंबिरी येतील. तक्रारी आमच्याकडे कराव्यात. खुर्च्या उचलायला मात्र या वेळी सर्वांनी थांबावे. आपले ते सभासदही येणार आहेत. त्यांना बसवून ठेवायचे आहे.