‘खर्च’ हा शब्द कोणाचा?



अर्थशास्त्र विषय घेतलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांकडून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात : ‘गणित जमत नाही’ आणि ‘व्याख्या पाठ होत नाहीत’. पहिल्याची चिंता तूर्त बाजूला ठेवा. उसाच्या बिलातील कपाती ओळीने तपासणाऱ्या माणसाला पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित भारी पडत नाही. दुसऱ्या वाक्याविषयी मात्र मला बोलायचे आहे. मी भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे आणि माझे मत असे की, व्याख्या पाठ न होण्याचा दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नाही. अर्थशास्त्राने आपले पुष्कळ शब्द तुमच्याच घरातून उचलले, त्यांचे अर्थ बदलले आणि मग ते तुम्हाला परत दिले. ओळखीचा चेहरा दिसतो म्हणून आपण निश्चिंत राहतो आणि तेथेच फसतो.

‘मागणी’ हाच शब्द घ्या. मराठीत मुलीला मागणी घातली जाते, मोर्चात मागण्या मांडल्या जातात. अर्थशास्त्रातील मागणी याहून वेगळी आहे. विशिष्ट काळात, विशिष्ट किमतीला, पैसे मोजण्याची ऐपत आणि तयारी असेल तेवढीच मागणी. घरात चार मुलांना दूध हवे आहे आणि पैसे एका लिटरपुरते आहेत, तर गरज कितीही मोठी असो, मागणी एक लिटरचीच. हे एकदा ध्यानात आले की, उपाशी माणूस बाजाराला का दिसत नाही, हेही उमगते. पुढे आणखी एक खाच आहे. कराडच्या बाजारात कांदा उतरला म्हणून लोकांनी जास्त घेतला आणि दसऱ्याला भाव चढा असूनही झेंडू जास्त खपला, या दोन्हींना आपण ‘मागणी वाढली’ असेच म्हणतो. शास्त्र पहिल्याला मागणीचा विस्तार म्हणते, दुसऱ्याला वृद्धी. केवळ किंमत बदलल्यामुळे होतो तो विस्तार. किमतीखेरीज अन्य कारणाने होते ती वृद्धी. परीक्षेत या दोहोंची गल्लत सर्रास होते आणि ती बोलीतील एकाच क्रियापदामुळे होते.

परंतु ज्या शब्दापाशी आपण सर्वाधिक थांबायला हवे, तो शब्द ‘खर्च’. कृष्णाकाठी आडसाली ऊस लावणाऱ्या कोणालाही एकरी खर्च विचारा. बेणे, खत, औषधे, पाणीपट्टी, मजुरी असा हिशेब तो तोंडपाठ सांगेल. त्यात रात्री-अपरात्री स्वतः पाणी पाजलेल्या पाळ्या नसतात. आईने आणि पत्नीने केलेली भांगलण नसते. स्वतःच्या जमिनीचा खंड नसतो, कारण तो कोणाला द्यावा लागत नाही. आणि सोळा ते अठरा महिने ते रान उसाखाली अडकले नसते, तर सोयाबीन व त्यामागून हरभरा निघाला असता, हा विचार तर हिशेबाच्या जवळपासही फिरकत नाही. खिशातून गेलेल्या पैशाला अर्थशास्त्र व्यक्त खर्च म्हणते. न गेलेल्या, पण खरोखर झिजलेल्या साधनांचे मोल हा अव्यक्त खर्च, आणि सोडून दिलेल्या सर्वोत्तम पर्यायाचे मोल हा संधी खर्च.

हा शब्दांचा खेळ नव्हे. केंद्र सरकारचा कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादनखर्च एकाहून अधिक रीतींनी मोजतो. ‘ए२’ मध्ये प्रत्यक्ष चुकता केलेला खर्च येतो. ‘ए२ अधिक एफएल’ मध्ये त्याखेरीज घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल धरले जाते. ‘सी२’ मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याजही मिळवले जाते. २०१८-१९ पासून केंद्र सरकार हमीभाव ‘ए२ अधिक एफएल’च्या किमान दीडपट ठरवते, तर अनेक शेतकरी संघटनांचा आग्रह ‘सी२’च्या दीडपटीचा आहे. सोयाबीनच्या भावावर पारावर चाललेला वाद ऐका. बहुतेक वेळा दोन्ही बाजू ‘खर्च’ हाच शब्द वापरत असतात आणि दोन निरनिराळ्या गोष्टी मोजत असतात. ज्याला हा भेद सांगता येतो, त्याचे त्या वादात वजन पडते.

अशा प्रश्नातूनच उत्तम शास्त्रीय लेखन कसे जन्मते, याचा एक दाखला आपल्याच जिल्ह्याशी नाते सांगणारा आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव दाखल झालेल्या भीमराव आंबेडकर यांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर इंग्रजीत निबंध लिहिला. तुकडे एकत्र करा, धारणक्षेत्र वाढवा, असे त्या वेळी सांगितले जात होते. बाबासाहेबांनी आधी शब्दालाच हात घातला : ‘लहान’ म्हणजे कशाच्या मानाने लहान? एकरांवरून शेत किफायतशीर की तोट्याचे हे ठरत नाही. जमीन, श्रम आणि भांडवल यांचे प्रमाण कसे जुळते यावर ते ठरते, अशी त्यांची मांडणी होती. भांडवल अपुरे आणि जमिनीवर माणसांचा भार अधिक, असे निदान करून त्यांनी औद्योगिकीकरणाचा उपाय सुचवला. तो उपाय तुम्हाला पटो वा न पटो, रीत मात्र पाहून ठेवण्यासारखी आहे : आधी शब्दाचा अर्थ निश्चित करायचा, मग आकडे मांडायचे आणि त्यानंतर मत द्यायचे.

येथे एक सावधगिरी हवी. प्रौढ विद्यार्थ्याजवळ अनुभवाची शिदोरी असते, असे आम्ही प्राध्यापक कौतुकाने म्हणतो आणि तेवढ्यावर थांबतो. ते अर्धेच खरे आहे. तुमचे शेत, तुमचे दुकान हे एक उदाहरण आहे, पुरावा नव्हे. ‘आमच्याकडे असे होते, म्हणून सगळीकडे असेच होते’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत टिकणार नाही. उलट, गाईडमधील कारखान्याचे तयार उदाहरण जसेच्या तसे उतरवणेही मला तितकेच निरुपयोगी वाटते. गाईड विकत घेऊ नका असे म्हणणे सोपे आहे. दिवसाची पाळी करून रात्री दहाला पुस्तक उघडणाऱ्याला ते मी सांगणार नाही. गाईड वाचा, पण मिटून ठेवल्यावर तीच संकल्पना तुमच्या गावच्या उदाहरणाने चार वाक्यांत लिहून पाहा. लिहिता आली नाही, तर ती व्याख्या अजून तुमची झालेली नाही. व्याख्या पाठ करायचीच असेल तर या प्रयत्नानंतर करा. मग ती लवकर पाठ होते, कारण तिच्यातील प्रत्येक शब्द का आहे, हे कळलेले असते.

पारिभाषिक शब्द परके वाटले तर दचकू नका. मराठी व्याकरणावर निबंध लिहिणाऱ्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीच ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ही लिहिली. व्याकरण आणि अर्थव्यवहार यांचा शेजार आपल्या भाषेत एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे. तेव्हा स्वाध्याय लिहिताना मराठी जड करण्याची मुळीच गरज नाही. पारिभाषिक शब्द एकदा निवडला की संपूर्ण उत्तरात तोच ठेवा. ‘किंमत’ आणि ‘मूल्य’ आलटून-पालटून वापरल्याने शैली खुलते असे निबंधात चालेल, अर्थशास्त्रात ते दोन वेगळे विषय आहेत.

पुढील संपर्क सत्रापूर्वी एका पानावर दोन रकाने आखा. डावीकडे मागील हंगामात तुमच्या घराने एका पिकासाठी, किंवा दुकान अथवा शिलाईयंत्र असेल तर त्या धंद्यासाठी, प्रत्यक्ष मोजलेले पैसे लिहा. उजवीकडे न मोजलेले दिवस लिहा, ते कोणाचे होते त्या नात्यासह. त्या दिवसांना गावातील चालू मजुरीचा दर लावा आणि दोन्ही बेरजा शेजारी शेजारी मांडा. उजव्या रकान्यात कोणाचे नाते सर्वांत जास्त वेळा आले, ते पानाच्या तळाशी लिहून सोबत आणा. चर्चेची सुरुवात आपण त्या ओळीपासून करू.