इंगोलश्टाटहून पत्र : ओठ पुढे, शब्द मागे



यावेळचं पत्र एका घरगुती फजितीचं आहे. फजिती आमची, पण तिच्यातून जे शिकलो ते घरोघरी उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही लोदला आमच्या मोठ्या आत्याबाईंकडे गेलो होतो. आत्याबाईंचं वय ८९. शब्बाथ सरल्यावर रविवारी सकाळी त्यांना खिडकीशी बसवलं, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला आणि म्हटलं, "आत्या, आता बोला." त्या चाळीस मिनिटं बोलल्या. अलिबागकडचा आजोबांचा घाणा, मलिद्याची ताटं, मुंबई सोडली त्या दिवशी कोण रडलं आणि कोण नाही, सगळं. मध्येच उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बिरडं सोलता सोलता पुढची गोष्ट सांगितली. आम्ही फोन घेऊन मागे. तिथे उजेड बेताचाच होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

ठरलं असं, की यातून वीस मिनिटांची फिल्म करायची आणि नव्वदाव्या वाढदिवशी सगळ्या नातवंडा-पतवंडांसमोर दाखवायची.

आमचा लॅपटॉप जुना. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि नवी विंडोज त्या यंत्राला झेपेना. टाकून द्यायचा तर जीव होईना. भाच्याने त्यावर लिनक्स घालून दिलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : लिनक्स हा संगणक चालवणारा मोफत प्रोग्राम. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली आणि पुढे जगभरच्या माणसांनी तो वाढवला. आमच्या बायर्नशी त्याचं जुनं नातं आहे. लिनक्सची एक मोठी कंपनी, सुझे, १९९२ पासून नुरेंबर्गच्या परिसरात आहे. म्युनिकच्या नगरपालिकेनेही आपले हजारो संगणक लिनक्सवर नेले होते. २०१७ मध्ये त्यांनी परत विंडोजकडे जायचं ठरवलं, हेही सांगायला हवं.

तर आम्ही मोठ्या उत्साहाने व्हिडिओ लॅपटॉपवर घेतला आणि एका जुन्या एडिटिंग प्रोग्राममध्ये उघडला. पहिल्या दिवशी आवाज आला, चित्र काळं. भाच्याने फोनवरून काहीतरी घालायला सांगितलं, चित्र आलं. आम्ही खुशीत कापाकापी केली, फिल्म बनवली आणि वाढदिवसाच्या आधी आत्याबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवली.

सुरुवातीला त्या हसत होत्या. दहा मिनिटांनी कपाळाला आठ्या. शेवटी म्हणाल्या, "पोरांनो, ही बाई मी नव्हे. माझ्या तोंडात दुसरंच कोणीतरी बोलतंय."

आम्ही नीट पाहिलं. खरंच, ओठ आधी मिटत होते आणि शब्द मागाहून येत होते. आम्हाला ते जाणवलं नव्हतं, कारण आम्ही कानाने ऐकत होतो. आत्याबाईंना ऐकू कमी येतं. त्या बोलणाऱ्याचे ओठ पाहून समजून घेतात. त्यांना स्वतःचंच बोलणं कळेना! त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

असं का होतं?

बाळगोपाळांनो, व्हिडिओ म्हणजे भराभर पुढे सरकणारे फोटो. एका सेकंदात साधारण ३०. पण फोन दर सेकंदाला बरोबर तीसच फोटो काढतो असं नाही. उजेड कमी झाला की प्रत्येक फोटोला जास्त वेळ लागतो, फोन तापला की तो दमतो, आणि फोटो कमी पडतात. तेलाच्या घाण्याचा बैल आठवा. सकाळी भरभर फिरतो, दुपारी रेंगाळतो. आता एखादा माणूस फक्त फेरे मोजून सांगू लागला की किती वाजले, तर त्याचं घड्याळ चुकणारच. काही एडिटिंग प्रोग्राम असेच फेरे मोजतात.

गणित करून पाहा. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. सेकंदाला ३० प्रमाणे १८,००० फोटो हवेत. समजा फोनने १७,९१० च काढले. प्रोग्रामने ते सेकंदाला ३० या हिशेबाने मांडले, तर चित्र ५९७ सेकंदांतच संपलं. आवाज मात्र पूर्ण ६०० सेकंदांचा. म्हणजे शेवटाला ओठ तीन सेकंद पुढे, शब्द तीन सेकंद मागे! आमच्या फिल्ममध्ये घोटाळा सुरू झाला तो नेमका स्वयंपाकघरातल्या अंधारापासून.

आणि पहिल्या दिवशीचं काळं चित्र? त्याचं कारण वेगळं. व्हिडिओ फोनमध्ये मावावा म्हणून तो दाबून, घड्या घालून ठेवलेला असतो. त्या घड्या घालायच्या आणि उलगडायच्या रीतीला कोडेक म्हणतात. २००३ साली आलेली एच.२६४ ही रीत जवळजवळ सगळीकडे चालते. २०१३ ची एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, तेच चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते. म्हणून नवे फोन ती वापरतात. पण या रीतींवर पेटंटं आहेत. त्यामुळे लिनक्सची कित्येक वाणं त्या उलगडण्याची साधनं आपल्याबरोबर देत नाहीत, आपण वेगळी घालायची. लिनक्स मिंटमध्ये स्वागताच्या पानावरच मल्टिमीडिया कोडेक घालायची सोय आहे. फेडोरा आणि ओपनसुझेमध्ये ती साधनं बाहेरच्या भांडारातून आणावी लागतात.

मग करावं काय?

पहिली गोष्ट, मूळ व्हिडिओ फोनमधून तारेने लॅपटॉपवर घ्यावा. गप्पांच्या ॲपवरून साधा व्हिडिओ म्हणून पाठवला, की तो आणखी दाबला जातो आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा पुसल्या जातात. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

दुसरी गोष्ट, कापाकापीच्या आधी व्हिडिओची चाल एकसारखी करून घ्यावी. हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्राम लिनक्सवर चालतो. त्यात व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट ३० निवडावा आणि खाली 'कॉन्स्टंट' वर खूण करावी. एन्कोडर एच.२६४ ठेवावा. मग नवी प्रत तयार होते, तीच एडिटरमध्ये घ्यावी. आम्ही हेच केलं. लॅपटॉप रात्रभर घरघरत होता, पण सकाळी काम झालेलं.

तिसरी गोष्ट, एडिटर. आम्ही आता केडेनलाईव्ह वापरतो. हा २००२ पासून घडत आलेला मोफत प्रोग्राम, आणि ज्या केडीई प्रकल्पाचा तो भाग आहे त्याची सुरुवात १९९६ साली ट्यूबिंगेनच्या एका विद्यार्थ्याने केली. त्याची नवी आवृत्ती असमान चालीचा व्हिडिओ ओळखते आणि स्वतःच विचारते, की एडिटिंगला सोयीची प्रत करून देऊ का? 'हो' म्हणावं. फक्त डिस्कवर जागा भरपूर हवी, कारण ती प्रत मूळ फाईलच्या कितीतरी पट फुगू शकते. लॅपटॉप अगदीच दमत असेल तर 'प्रॉक्सी' चालू करावी. मग काम करताना छोटी, हलकी प्रत दिसते आणि शेवटची फिल्म मात्र मोठ्या प्रतीवरून बनते.

चौथी गोष्ट, पुढच्या वेळी आधीच काळजी घ्यावी. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स' आहे, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडलं की नेहमीचा व्हिडिओ एच.२६४ मध्ये येतो. रंग भगभगीत किंवा फिके दिसत असतील तर एचडीआर बंद करावं. आणि माणसाला उजेडात बसवावं. तो उपाय फुकटचा आणि सर्वांत गुणकारी.

मुलांचं काम : टाळी

रेकॉर्डिंग सुरू झालं की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, संपताना दुसरी. एडिटरमध्ये पाहायचं, हात जुळतात त्याच क्षणी आवाज येतो का. दोन्ही टाळ्या सारख्याच चुकल्या असतील तर आवाजाची पट्टी तेवढी सरकवली की झालं. पहिली बरोबर आणि दुसरी चुकली, तर समजायचं की बैल रेंगाळला, आणि वरचा दुसरा उपाय करायचा. आजीच्या समोर टाळी वाजवायला लाजू नका. सिनेमावाले लाकडी पाटी आपटतात ती याचसाठी.

तुम्हालाही ओठ आणि आवाज जुळलेले हवेत बरं का. आमची पुतणी इथेच जन्मली. 'ळ' तिला येत नव्हता. गूळ म्हणायचं तर 'गूल'. आत्याबाईंच्या तोंडाकडे बघून बघून जीभ कशी मागे वळते ते ती शिकली. ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे असता, तर काय शिकली असती?

एक शेवटची गोष्ट

भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. तो ज्या नाटकावरून केला ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर आपल्या बेने इस्राएल समाजातले, हे मुलांना जरूर सांगा. त्या सिनेमात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकदमच टिपले होते, त्यामुळे आमच्यासारखी ताटातूट व्हायची भीती नव्हती. पण आज त्या सिनेमाची एकही प्रत उपलब्ध नाही. चार फोटो आणि जाहिराती उरल्या. देशाचा पहिला बोलपट, आणि त्यातला एक शब्द कोणी ऐकू शकत नाही.

हे आम्ही का सांगतो? फोन भरला म्हणून आमच्या हातून आत्याबाईंचा मूळ व्हिडिओ पुसला जाणारच होता. 'फिल्म तर झाली, आता हे कशाला' असं वाटलं होतं. भाच्याने हात धरला. मूळ फाईल नसती, तर ओठ आणि शब्द पुन्हा कशावरून जुळवले असते? आता तिच्या तीन प्रती आहेत : एक इथे, एक वेगळ्या डिस्कवर, एक लोदला.

आमच्या या गावाचं नाव एका इंग्रजी कादंबरीत येतं. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या 'फ्रँकेन्स्टाईन'मधला व्हिक्टर इथल्या विद्यापीठात शिकला आणि त्याने मेलेल्या माणसांचे तुकडे जोडून एक प्राणी उभा केला. आमची पहिली फिल्म तशीच झाली होती. तुकडे सगळे खरे, पण जोडल्यावर माणूस ओळखू येईना.

दुसरी फिल्म आत्याबाईंनी वाढदिवशी पाहिली. वीस मिनिटं गप्प बसून. घाण्याची गोष्ट आली तेव्हा त्यांचे ओठ पडद्यावरच्या ओठांबरोबर हलत होते. संपल्यावर म्हणाल्या, "हां, ही मी. पण बिरडं फार जाड सोललंय गं बाई."

पुढच्या पत्रापर्यंत, ज्यांच्या घरी कोणी बोलणारं आहे त्यांनी एक रविवार काढावा. खिडकी उघडावी, टाळी वाजवावी. शालोम.