अब्रू कोणाची आणि नुकसान कोणाचे?

‘अब्रूनुकसानी’ हा शब्द अलीकडे फार सढळ हाताने वापरला जातो. संस्थेच्या जमाखर्चाविषयी प्रश्न विचारला की संस्थेची अब्रूनुकसानी होते. परीक्षेतील गैरप्रकार उघड केला की शाळेची होते. शब्द असा सैल झाला म्हणजे तो न्याय मागण्याचे साधन न राहता धाक घालण्याचे साधन बनतो. म्हणून त्याचा अर्थ तपासून घेणे अगत्याचे आहे.

‘अब्रू’ हा मूळचा फारसी शब्द. ‘आब’ म्हणजे पाणी किंवा तेज आणि ‘रू’ म्हणजे चेहरा. ‘आब राखून वागणे’ या आपल्या वाक्प्रचारात तोच ‘आब’ आहे. ‘बदनामी’ही फारसीतूनच आली, परंतु तिचा अर्थ नाव वाईट होणे एवढाच. ते स्वतःच्या करणीनेही होते. लाच खाणारा अधिकारी बदनाम होतो, तेव्हा त्याच्यावर कोणी अन्याय केलेला नसतो. अब्रूनुकसानीत मात्र दुसऱ्याने केलेला अन्याय गृहीत आहे. हा भेद पुसला गेला की अपराधी आणि निरपराध एकाच पंक्तीस बसतात.

कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. १८६० च्या दंडसंहितेतील ४९९ व्या कलमाची व्याख्या १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात कायम आहे. इतरांच्या दृष्टीने माणसाचे चारित्र्य किंवा पत उणावेल असे विधान, हा तिचा गाभा. नुसते मन दुखावणे तीत बसत नाही. विधान सत्य असेल आणि ते करणे लोकहिताचे असेल, तर तो गुन्हाच नव्हे.

सत्याची ही कसोटी दोन्ही बाजूंनी कापते, याची साक्ष इतिहास देतो. ‘सत्यप्रकाश’चे संपादक करसनदास मुळजी यांनी वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या अनाचारावर लिहिले, तेव्हा त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा दावा लावण्यात आला. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्यांनी निर्भयपणे साक्षी दिल्या आणि १८६२ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने मुख्य मुद्द्यावर करसनदासांच्या बाजूने निर्णय दिला. उलट १८८२ मध्ये कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावरील आरोपांना आधार म्हणून छापलेली पत्रे खरी ठरली नाहीत आणि टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांच्या हेतूविषयी कोणास शंका नव्हती. परंतु शुद्ध हेतू हा पुराव्याला पर्याय होत नाही. निनावी अर्ज करणाऱ्यांनी आणि ऐकीव मजकूर भ्रमणध्वनीवरून पुढे ढकलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. एखाद्या शिक्षकाविषयी उठवलेली खोटी आवई पुढे मागे घेतली, तरी गेलेला विश्वास परत येईलच असे नाही.

या शब्दाची खरी विटंबना मात्र अन्यत्र आहे. स्त्रीवर अत्याचार झाला की ‘तिची अब्रू लुटली’ असे आपण सहज म्हणतो, लिहितो. म्हणजे कुकर्म करणारा साबूत राहतो आणि चेहऱ्याचे तेज जाते ते मात्र तिचे! मग तिने तक्रार करू नये, घराण्याची बदनामी होईल, असे आप्तच तिला समजावतात. ज्याने कृत्य केले त्याचीच अब्रू गेली, हे इतके साधे सत्य आपल्या भाषेला अजून पचलेले नाही.

वर्गात शब्दार्थ शिकवणाऱ्यांनी आणि कचेरीत मसुदे लिहिणाऱ्यांनी हा भेद आपल्या लेखणीपुरता तरी पाळावा. दुष्कृत्याने अब्रू जाते ती करणाऱ्याची. सोसणाऱ्याची नव्हे आणि ते सप्रमाण सांगणाराने ती घेतली, असेही नव्हे.